स्वस्त काडतुसाचा जमाखर्च

रायफल एकदाच विकत घ्यावयाची असते. काडतुसे मात्र दर शनिवारी घ्यावी लागतात, आणि म्हणूनच अमेरिकेत चांदमारीचा छंद जडलेल्या मनुष्यापाशी घटकाभर बसले असता बंदुकीच्या गुणवर्णनापेक्षा काडतुसाच्या दराचीच चर्चा अधिक कानी पडते. ह्या चर्चेत एक वाद फार दिवसांपासून ठाण मांडून बसला आहे. ज्याची पुंगळी पितळेऐवजी सौम्य पोलादाची असते, तिला गंज चढू नये म्हणून वर जस्ताचा, रोगणाचा किंवा कृत्रिम राळेचा लेप दिलेला असतो, आणि जे बहुतांशी रशियातील तुला, बर्नाउल, उल्यानोव्स्क अशा शहरांच्या कारखान्यांतून येत आले, ते स्वस्त काडतूस सरावासाठी वापरावे की वापरू नये, असा तो वाद. त्याच्या दोन्ही बाजू टेक्सासातील एकाच मराठी घरात, जेवणाच्या एकाच टेबलावर समोरासमोर बसलेल्या मला आढळल्या.

पुतण्या तेथे संगणकाच्या धंद्यात स्थिरावलेला, कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला, आणि एआर जातीची .२२३ ची रायफल बाळगणारा गृहस्थ. काका पुण्याहून पाहुणे आलेले. उभी हयात त्यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, म्हणजे १८६९ साली स्थापन झालेल्या त्या जुन्या सरकारी कारखान्यात, तपासणीच्या कामावर घालविलेली. २०२१ च्या ऑक्टोबरात तो कारखाना म्युनिशन्स इंडिया ह्या सरकारी कंपनीकडे वर्ग झाला, तरी काकांच्या बोलण्यात तो अद्याप ‘आमचा कारखाना’ आहे, आणि त्यांच्या नजरेखालून गेलेली पुंगळी पितळेचीच असावयाची, हे ओघानेच आले. येथे एक गमतीची गोष्ट नमूद केली पाहिजे. प्रवासी व्हिसावर आलेल्या परकीयाला, काही मोजके अपवाद सोडता, अमेरिकेचा केंद्रीय कायदा शस्त्र अथवा दारूगोळा बाळगू देत नाही, आणि ‘दारूगोळा’ ह्या संज्ञेत तो कायदा नुसत्या पुंगळीचाही समावेश करतो. तेव्हा लक्षावधी काडतुसांची परीक्षा केलेले आमचे काका पुतण्याच्या चांदमारीच्या मैदानावर हात पाठीमागे बांधून, वाकून वाकून, जमिनीवर पडलेल्या करड्या पुंगळ्यांचे नुसते निरीक्षण करीत होते. जो काही वाद झाला त्याचा आरंभ त्या निरीक्षणातून झाला.

“हे काय झाडतो आहेस?” काकांनी विचारले. “पुंगळीला ना रंग, ना झिलई. आमच्याकडे असला माल दाराशी आला असता तर लॉटचा लॉट परत गेला असता.”

“काका, तुम्ही सरकारी खर्चाने गोळ्या झाडणाऱ्यांसाठी काडतुसे तपासलीत, मी माझ्या पगारातून झाडतो,” पुतण्या म्हणाला. “नेमबाजी ही पुस्तकाने येणारी विद्या नाही, फैरी झाडल्यानेच ती अंगी मुरते, आणि जो मनुष्य काडतूस महाग म्हणून महिन्यातून पन्नासच फैरी झाडतो त्यापेक्षा स्वस्त मालाच्या दोनशे झाडणारा केव्हाही पुढे जाणार. आता आपण साधा हिशेब करू. पितळी आणि पोलादी ह्यांत दर फैरीमागे दहाच सेंटांची तफावत धरली, तरी सहा हजार फैरींत सहाशे डॉलर माझ्या खिशात राहतात. पोलादी काडतुसाने नळी लवकर झिजते म्हणता? झिजू द्या. नवी साधी नळी दोन-तीनशे डॉलरांत येते. २०१३ साली येथल्याच एका काडतूस-विक्रेत्याने एका बनावटीच्या चार रायफली घेऊन प्रत्येकीतून दहा हजार फैरी झाडण्याचा घाट घातला होता. एकीला पितळी काडतुसे, तिघींना तीन कारखान्यांची पोलादी. पितळी काडतुसांची नळी अखेरपर्यंत कामाची राहिली, पोलादी काडतुसांच्या नळ्या सहा हजारांच्या आसपास निकालात निघाल्या, हे खरे. परंतु वाचलेल्या पैशांत नवी नळी घालूनही गाठीशी रक्कम उरत होती. ज्याला तुम्ही नुकसान म्हणता ते मी आधीच जमाखर्चात धरून चाललो आहे.”

“तीनही पोलादी रायफली दहा हजारांपर्यंत गेल्या?”

पुतण्या किंचित थांबला. “दोन गेल्या. तिसरीत पुंगळ्या अडकू लागल्या, म्हणून ती लवकरच बाजूला काढावी लागली.”

“हे तुझ्या जमाखर्चात कोठे धरले आहेस?”

ह्या उलटतपासणीने पुतण्या खजील झाला असे मात्र नाही. उलट वादाला खरा रंग येथूनच भरू लागला, कारण काकांच्या आवडीचा विषय, म्हणजे धातूचा स्वभाव, आता निघाला होता. त्यांचे विवेचन मला जसे उमगले तसे सांगतो. काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. फैर झडताक्षणी दाबाने पुंगळी फुगते, कोठीच्या भिंतीला अंग लावते आणि मागे येऊ पाहणारा वायू अडवून धरते. दाब ओसरताच तीच पुंगळी अंग चोरून घेते, म्हणून ती आकड्याला सहज ओढून काढता येते. पोलाद ह्या दोन्ही कामांत पितळेहून उणे. ते भिंतीला तितके घट्ट बसत नाही, म्हणून काजळी मागे शिरून कोठीत साठते. आणि ते तितके आवळूनही येत नाही, म्हणून निघताना कुरकुरते. रशियनांच्या ७.६२ × ३९ च्या पुंगळीला भरपूर निमुळतेपणा आहे, त्यामुळे ती जागची जराशी हलली की मोकळी होते. .२२३ ची पुंगळी त्या मानाने सरळसोट, आणि तिला हा आधार नाही.

“तेव्हा ज्याने पोलादाची पुंगळी केली,” काका म्हणाले, “त्याने आपल्या काडतुसाचा घाट आणि आपल्या बंदुकीची कोठी तिच्यासाठी जुळवून घेतली. त्याचे काहीच चुकले नाही. तू मात्र एकाचा अंगरखा दुसऱ्याच्या अंगावर चढवितो आहेस, आणि काखेत आवळतो म्हणून शिंप्याला दोष देत नाहीस एवढाच तुझा मोठेपणा.”

“लोक म्हणतात, वरचे रोगण वितळून कोठीत चिकटते.”

“लोक म्हणोत. आत जे साचते ती मुख्यतः काजळी. आणि दुसरेही एक ऐक, कारण तुझ्या बाजूचे लोक आणि माझ्या बाजूचे लोक दोघेही येथे चुकतात. नळी झिजते ती पुंगळीमुळे नव्हे. पुंगळी कोठीत बसून राहते, नळीचे तोंडही ती पाहत नाही. नळीतून जाते गोळी. आणि ह्या स्वस्त काडतुसांच्या गोळीचे कवचच बहुधा पोलादाचे, वर तांब्याचा पातळ मुलामा दिलेले असते. तुमच्या मैदानावरचा तो अधिकारी गोळीच्या टोकाला लोहचुंबक लावून पाहत होता, तो ह्यासाठीच. नळी खरवडते ते हे कवच. पोलादी पुंगळीत निखळ तांब्याच्या कवचाची गोळी कोणी घातली, तर तुझ्या नळीला त्या पुंगळीचा काही उपद्रव नाही.”

हा खुलासा काकांनी स्वतःच्या पक्षाच्या विरुद्ध आपण होऊन केला, हे मला विशेष वाटले. आयुष्यभर तपासणीच्या टेबलावर बसलेल्या मनुष्याला नापसंत मालावरही खोटा शेरा मारवत नाही.

पुतण्याने संधी साधली. “मग पितळेचे एवढे कौतुक कशाला? महायुद्धांत तांब्याची टंचाई पडली तेव्हा जर्मनांनी लक्षावधी काडतुसे पोलादाच्या पुंगळीत भरली. ह्या अमेरिकेतच, एव्हान्सव्हिल येथे, क्रायस्लरच्या मोटारी होत असलेल्या कारखान्यात .४५ ची काडतुसे पोलादी पुंगळीची होऊ लागली, आणि १९४३ चा सेंटसुद्धा जस्त चढविलेल्या पोलादाचा पाडण्यात आला. तुमच्याकडेही त्याच साली भोकाचा पैसा निघाला, तो धातू वाचविण्यासाठीच ना? पोलादी पुंगळी ही गरिबाची लबाडी नसून टंचाईवरचा शोधलेला इलाज आहे. शिवाय तुमचे पितळ तरी कुठे धुतल्या तांदळासारखे?”

शेवटचा टोला त्याने नेमका मारला होता, कारण पितळेच्या त्या अवगुणाची कथा हिंदुस्थानातच घडलेली आहे. इंग्रजांच्या पलटणींची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांतून किंवा त्यांच्या आसपास ठेवलेली असत, आणि पावसाळा सरल्यावर पाहावे तो अनेक पुंगळ्यांना आपोआप चिरा गेलेल्या. ओढकामाने धातूत राहिलेला अंतर्गत ताण, ओलसर हवा, आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, ह्या तिघांच्या संयोगाने पितळ फाटते, ही गोष्ट पुढे धातुशास्त्रज्ञांनी निश्चित केली. आणि पुंगळ्या मंद आचेवर तापवून ताण काढून टाकावा, असा त्यावर इलाज निघाला. काकांना ही कथा पाठ होती. त्यांनी ती पुतण्यापेक्षा विस्ताराने सांगितली, घोड्यांच्या तबेल्यांचे वर्णन करताना नाक मुरडले, आणि मग म्हणाले :

“पितळेत खोट निघाली, ती शोधली, आणि काढली. माझे म्हणणे एवढेच की जिन्नस कशासाठी निवडला हे विचारावे. अमेरिकन लष्कराच्या नव्या ६.८ मिलिमीटरच्या काडतुसाची पुंगळी पितळी आणि तिचा बुंधा पोलादाचा, असे तूच मला काल वाचून दाखविलेस. तेथे पोलाद आले ते दाब अफाट म्हणून आले, दहा सेंट वाचावेत म्हणून नव्हे. पोलादाशी माझे वैर नाही.”

“मग कशाशी आहे?”

“तुझ्या ‘सराव’ ह्या कल्पनेशी.”

येथे काकांनी कागद मागवून घेतला, आणि पुढील अर्धा तास जे चालले तेच मला ह्या सबंध प्रकरणातले सारभूत वाटते. तुझ्या काडतुसाचा स्वतःचा फैलाव शंभर यार्डांवर चार इंच समज, असे त्यांनी म्हटले. म्हणजे रायफल शिकंजात घट्ट आवळून ठेवली तरी गोळ्या तेवढ्या पसरणार. तुझ्या हाताचा, श्वासाचा, घोडा दाबण्याचा दोष मिळून तीन इंच. ह्या दोन चुका आपसांत संगनमत करीत नाहीत, आपापल्या लहरीने घडतात, म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही; वर्गांची बेरीज होते. नऊ नि सोळा पंचवीस, तेव्हा कागदावर दिसणार पाच इंच. आता वर्षभर घाम गाळून तू हाताचा दोष तीनवरून दोनवर आणलास. चार नि सोळा वीस. वर्गमूळ साडेचाराच्या जरा खाली. वर्षाची तपश्चर्या, आणि कागदावर पदरी पडला अर्धा इंच, जो त्या दिवशीच्या वाऱ्यानेही पडला असता! ह्याउलट काडतूस एक इंचाचे घे. आधी नऊ नि एक दहा, म्हणजे तीन इंचांहून थोडे अधिक. नंतर चार नि एक पाच, म्हणजे सव्वादोन इंच. फरक जवळजवळ इंचाचा, आणि तो डोळ्यांना दिसतो.

“मापावयाच्या वस्तूपेक्षा मापच अधिक चुकारू असेल,” ते म्हणाले, “तर दोनशे फैरी झाडून तुला काय समजले? गोळी डावीकडे गेली ती तुझ्या बोटामुळे की तुलाच्या कारखान्यात दारू दोन कण अधिक पडल्यामुळे? नेमबाज मुले आपल्या नळीला कोणता लॉट मानवतो हे आधी झाडून पाहतात आणि मग त्याच लॉटची काडतुसे राखून ठेवतात, ती काय हौस म्हणून? कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकात पन्नास मीटरवर तीन आसनांचे कांस्यपदक मिळविले. तो खेळच असा, की त्यात काडतुसाने केलेली चूक कोणी तुझ्या पदरी माफ करीत नाही.”

पुतण्याने कागद आपल्याकडे ओढला. “काका, तुमचे गणित बरोबर, पण ते झोपून नेम धरणाऱ्याचे गणित आहे. मी उभ्याने झाडतो तेव्हा माझ्या हाताचा दोष आठ इंच आहे, तीन नव्हे. चौसष्ट नि सोळा ऐंशी, म्हणजे नऊच्या आत. चौसष्ट नि एक पासष्ट, म्हणजे आठच्या किंचित वर. तुमच्या महाग काडतुसाने मला एक इंचसुद्धा दिला नाही. आणि मला शिकावयाचे काय आहे? बंदूक खांद्याला लावणे, नेम धरणे, काडतूस अडकले असता ते न गडबडता सोडविणे, भरलेली खोकी बदलणे. ह्यांतल्या कशाला एक इंची काडतूस लागते? अडकणारे काडतूस तर त्या शिक्षणात उलट उपयोगी.”

ह्या उत्तराने काका थोडे मागे सरले असे मला वाटले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. नळीच्या खर्चाबाबत पुतण्याची बाजू वरचढ, झोपून नेम धरणाऱ्याच्या बाबतीत काकांची. उभ्याने झाडणाऱ्याच्या बाबतीत मात्र दोघांचा हिशेब एकाच आकड्यापाशी येतो, आणि मग तेथे दहा सेंट वाचविण्यात पाप नाही.

आणखी दोन मुद्दे निघाले, त्यांतला एक लवकर मिटला. चांदमारीची मैदाने हा माल नाकारतात त्याची कारणे अगदी व्यवहारी असतात: पितळी पुंगळ्यांच्या मोडीला चांगला भाव येतो, आणि तिच्यात पोलाद मिसळले की निवडण्याची मजुरी पडते, शिवाय पोलादी कवचाच्या गोळीने ठिणग्या उडतात. अमेरिकेच्या वन-खात्याच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रायफलीच्या गोळ्या पोलादी पत्र्यावर झाडून त्यांचे तापलेले तुकडे सुक्या सेंद्रिय भुशावर पडू दिले, तेव्हा ज्यांच्या गाभ्यात किंवा कवचात पोलाद होते त्या गोळ्यांनी, आणि निखळ तांब्याच्या गोळ्यांनीही, भुसा वारंवार पेटविला. शिशाचा गाभा आणि तांब्याचे कवच असलेल्यांनी क्वचितच. टेक्सासात उन्हाळ्यात गवत कडकडीत वाळते, जिल्ह्याजिल्ह्यांत उघड्यावर काही जाळण्यास मनाई होते. ह्या मुद्द्यावर पुतण्याने विनातक्रार मान तुकविली.

दुसरा मुद्दा परराष्ट्रनीतीचा. काकांचे म्हणणे असे, की ज्या सरावाचा पाया दुसऱ्या देशाच्या स्वस्त मालावर रचलेला, तो दोन दरबारांच्या मर्जीवर चालणार. १९९४ मध्ये चीनची काडतुसे अमेरिकेत येणे बंद झाले. त्याच वर्षी ७.६२ × ३९ ची पोलादी गाभ्याची गोळी, ती झाडणारे पिस्तूल बाजारात आले म्हणून, चिलखतभेदी ठरवून अडविण्यात आली. रशियातील विरोधी पुढारी अलेक्सेई नवाल्नी ह्यांच्यावर झालेल्या विषप्रयोगाबद्दल २०२१ च्या ऑगस्टात निर्बंध जाहीर झाले, आणि ७ सप्टेंबरपासून रशियन दारूगोळा आणण्याचे नवे परवाने मिळेनासे झाले. जुने परवाने संपेपर्यंत माल येत राहिला, पण आता कोणी ‘स्वस्त’ म्हणतो तेव्हा त्याचा आवाज पूर्वीइतका ठाम नसतो.

“तफावत आता कमी झाली आहे, हे मी मान्य करतो,” पुतण्या म्हणाला.

“आणि पितळी पुंगळी तू पुन्हा भरू शकतोस.”

“भरू शकतो. भरीत नाही. वेळ कोणाला आहे?” मग त्याने एक मजेदार गोष्ट सांगितली. पोलादी काडतुसांना बहुधा बर्डन पद्धतीची टोपी असते, तिला पुंगळीत दोन बारीक भोके, आणि ती घरी उपसून काढणे जिकिरीचे; पितळी अमेरिकन काडतुसांना बॉक्सर पद्धतीची, मध्ये एकच भोक, सुईने ढकलली की निघते. आता ह्यांतला बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज. अमेरिकनाची युक्ती रशियाने उचलली, इंग्रजाची अमेरिकेने. काका ह्यावर मोकळेपणाने हसले.

निवाडा व्हावा म्हणून काकांनीच शेवटी परीक्षा सुचविली. दोन्ही जातींची काडतुसे वेगवेगळ्या खोक्यांत भरावयाची, कोणत्या कागदावर काय झाडले ते तिसऱ्याने टिपून ठेवावयाचे, आणि काकांनी मागाहून फक्त कागद पाहून ओळखावयाचे. मी त्या देशाचा नागरिक असल्याने तिसऱ्याचे काम माझ्याकडे आले. झोपून झाडलेले कागद समोर मांडताच काकांनी चष्मा सारखा करून पोलादी आणि पितळी असे दोन ढीग केले, आणि माझ्या टिपणाशी ते तंतोतंत जुळले. उभ्याने झाडलेल्या कागदांपुढे मात्र ते बराच वेळ बसले, दोनदा ढीग मोडले, आणि अखेर ओळखता येत नाही असे सरळ म्हणाले.

“बघा!” पुतण्या म्हणाला.

“बघितले. ही काडतुसाची तारीफ नव्हे रे, तुझ्या उभ्या नेमाची फिर्याद आहे. आठ इंचांवर राहिलास तोपर्यंत तुला कोणतेही काडतूस चालेल. आणि आठाचे चार करावयाचे असतील तर त्याला काडतूसच लागत नाही. रोज संध्याकाळी बंदूक दोनदा रिकामी तपासून घे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेव, भिंतीवर एक ठिपका काढ आणि नुसता घोडा दाब. खर्च शून्य सेंट. तुझ्या तुलावाल्यापेक्षाही स्वस्त.”

पुतण्या थोडा वेळ कागदांकडे पाहत राहिला.

“पण काका,” तो म्हणाला, “त्याचा आवाज होत नाही ना.”